कठडा

लँगबेकला आम्ही पोचलो मार्चच्या दुसऱ्या सोमवारी,
सात ट्रक, मागे दोन शौचालयांच्या गाड्या,
आणि चार टन माती.
चाळलेली, निर्जंतुक, पावतीसकट.
दीडशे वर्षांपूर्वीची माती अशीच मिळते हल्ली,
लीड्सबाहेरच्या एका गोदामात.

माझं काम सोपं : आज झाकायचं.
रस्त्याकडेच्या पिवळ्या रेघांवर ती माती पसरायची,
डिश उतरवायच्या, मागे घरनंबराची चिकटपट्टी लावून,
घंटीच्या बटणावर आयव्हीची खोटी वेल,
बसथांब्यापुढे गवताची गंजी.
कोंबडंही होतं, भाड्याचं. मालक तासावर पैसे घ्यायचा.
पहाटेच्या प्रसंगात ते गप्प,
दुपारी जेवणाच्या रांगेत जीव तोडून आरवलं.
झाकलं तरी उजाडवणारं कोंबडं निराळं.

कादंबरी मी वाचली नव्हती.
वाचली म्हणून सांगून नोकरी धरलेली.
सहाशे पानं, सहा भाग, सहा रविवार.
मधल्या दोन बहिणी पटकथेतच वारल्या,
पाद्र्याचं लग्न बजेटात बसेना.

अकरा नंबरच्या दाराशी तीन पायऱ्या
आणि नगरपालिकेचा लोखंडी कठडा, सायीच्या रंगाचा.
मिसेस हेबलथ्वेट म्हणाल्या, विल्फसाठी बसवला होता.
विल्फ ऑक्टोबरात गेले.
काढा. पण परत कधी लावणार
ते तारीख घालून लिहून द्या.
दिलं लिहून. आठ स्क्रू
त्यांनी मोहरीच्या डब्यात मोजून टाकले,
डबा आत नेला.

नायिका चढणार त्या पायऱ्या, हातात पत्र घेऊन.
पत्रात काय, ते प्रेक्षकांना पुढच्या रविवारी.
दिवसभर चढली. एकदा ढग आला, एकदा विमान,
एकदा कुणाच्या तरी खिशात फोन वाजला
आणि सगळं शतक दचकलं.
बाई तेवढा वेळ मागच्या स्वयंपाकघरात,
दिवा बंद करून, कोट घालून बसलेल्या.

अंधार पडल्यावर दार उघडलं.
दूध आणायला निघाल्या असाव्यात.
उजवा हात बाजूला गेला,
बोटं मिटली,
आणि जे तिथे नव्हतं त्याला धरून
एक, दोन, तीन,
बाई नीट उतरल्या.

मी पाहिलं.
पलीकडे खुर्चीत, कॉर्सेटवर रजई पांघरून
सूप पीत बसलेल्या त्या मुलीनेही पाहिलं.
दुसऱ्या दिवशी पहिल्याच टेकला
तिसऱ्या पायरीआधी तिचा उजवा हात
बाजूला गेला, मिटला.
हे काय, दिग्दर्शक म्हणाला.
मग म्हणाला, असू दे.

चौथ्या रविवारी तो हात घराघरांत गेला.
एका वर्तमानपत्राने लिहिलं :
वडिलांविना वाढलेल्या मुलीचं सगळं दुःख
कादंबरीकाराने या एका हातात ठेवलंय,
मालिकेने ते जपलं.
त्या रात्री मी पुस्तक उघडलं.
सहाशे पानं, हात शोधत.
पायऱ्या आहेत. पत्र आहे. ढग आहेत पुष्कळ.
बहिणी दोन्ही जिवंत, फार बडबड्या,
मला आवडल्या.
हात नाही.

कठडा मी तारखेला लावला होता.
सात स्क्रूंवर. आठवा डब्यात राहिला,
की ठेवला, विचारलं नाही.

सोमवारी सकाळी फोन आला.
काय हो, तुमच्या त्या पोरीने चुकीच्या बाजूला धरला.
उतरताना उजवीकडे,
म्हणजे चढताना डावीकडे.
एवढे पैसे ओतता, एवढं कळू नये?

मी सॉरी म्हणालो.
मागे किटली शिटी द्यायला लागली,
त्यांनी ती बराच वेळ उतरवली नाही.

पण धरला मात्र घट्ट, म्हणाल्या.